बर्फात अडकलेल्यांना मदत करायला फोर बाय फोर घेऊन बाहेर पडावं का?

शेफिल्डकर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण उत्तरं दोन टोकांची मिळताहेत म्हणून इथे विचारतो. आपल्या दारात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, उभी आहे आणि बाहेर बर्फाने गाव ठप्प झालंय, तर मदतीला बाहेर पडावं की नाही? पडायचंच झालं तर काय शिकून आणि काय सोबत घेऊन?

मी इंग्लंडात शेफिल्डला राहतो. शहर टेकड्यांवर वसलेलं, गल्ल्यांना असा चढ की कोरड्या रस्त्यावरही हँडब्रेक पक्का ओढावा लागतो. ब्रिटनमध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही, त्यामुळे बहुतेक गाड्या बाराही महिने उन्हाळी टायरवर धावतात. चार बोटं बर्फ पडला की चढावरच्या बस थांबतात, आणि मँचेस्टरकडे जाणारे स्नेक पास आणि वुडहेड हे दोन्ही घाटरस्ते केव्हा बंद होतील सांगता येत नाही. रुग्णालयातल्या पाळ्या मात्र चालूच असतात.

इथे 'फोर बाय फोर रिस्पॉन्स' नावाचे स्वयंसेवकांचे गट आहेत, जवळजवळ प्रत्येक भागात एक. बर्फ पडला किंवा पूर आला की रुग्णालयं, कौन्सिल वगैरे त्यांना बोलावतात. हे लोक स्वतःच्या गाडीतून नर्स, डॉक्टर, घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या परिचारिका, औषधं असं सगळं पोचवतात. मी नाव नोंदवायच्या विचारात आहे. गाडी जुनी डिस्कव्हरी, लो रेंजवाली (म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गियर असलेली). मित्र म्हणतात नसती उठाठेव करू नकोस. मला वाटतं, शेजारच्या घरातली नर्स बर्फातून पायी कामाला निघाली असताना आपली गाडी दारात उभी राहणं बरं नव्हे.

जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

विनिपेगवाला

आधी सांगा, टायर कुठले आहेत? बाकी सगळं नंतर.

फोर बाय फोरचा उपयोग गाडी सुटायला आणि चढ चढायला. थांबायची वेळ आली की तुमची डिस्कव्हरी आणि शेजाऱ्याची छोटी हॅचबॅक एकाच पंगतीला. ब्रेक दोघांच्याही चारही चाकांना असतात आणि पकड रबरानेच धरायची असते. उलट तुमची गाडी जड, म्हणजे घसरून आदळली की धक्का मोठा. पहिल्या बर्फात आमच्या हायवेच्या कडेच्या खड्ड्यात पाहिलं तर मोठमोठे पिकअप आणि एसयूव्ही भरपूर दिसतात. गाडी सहज सुटते म्हणून माणसाला वाटतं रस्ता चांगला आहे, आणि पुढच्या सिग्नलला खरं काय ते कळतं.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकणाची खूण आहे का बघा. ही खूण मिळायला टायरची बर्फावर चाचणी व्हावी लागते. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने स्वतःच छापलेलं असतं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. आमच्या मॅनिटोबात सक्ती नाही, तरी समजदार माणूस बसवतोच.

आणि चारही चाकांना बसवा. पैसे वाचवायला फक्त पुढच्या दोन चाकांना बसवले तर वळणावर गाडीचं मागचं अंग पुढे यायला बघतं.

पुणेरी_पगडी

आमच्याकडे चार थेंब पडले तरी सिंहगड रोड ठप्प होतो. तरी धागा मनापासून वाचतोय. चालू द्या.

डेन्व्हरचा_दादा

विनिपेगवाल्यांशी बऱ्याच अंशी सहमत, पण फोर बाय फोरला इतकं खाली घालू नका. इथे आय-७० हायवे रॉकी पर्वतात चढतो. डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकांच्या पकडीचा, कायदा लागू असतो. त्यात चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला मान्यता आहे, फक्त टायरची नक्षी निदान ३/१६ इंच खोल हवी. म्हणजे जवळपास पावणेपाच मिलिमीटर. शेफिल्डकर, तुमच्याकडे कायदेशीर किमान बहुधा १.६ मिलिमीटर आहे ना? तेवढ्यावर बर्फात निघायचा विचारही करू नका.

कॅलिफोर्नियातली पद्धत मला जास्त पटते. तिथल्या डॉनर पास या घाटात टायरवर चढवायच्या साखळ्यांच्या नियमाचे तीन टप्पे असतात, आर १ ते आर ३. 'आर २' लागला की हिमटायर लावलेल्या फोर बाय फोरला सूट मिळते, पण साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. 'आर ३' लागला की कुणालाच सूट नाही, सगळ्यांनी साखळ्या चढवायच्या. रस्ता सांभाळणाऱ्या लोकांनाही माहीत आहे की एका मर्यादेनंतर फोर बाय फोर पुरत नाही.

शेफिल्डकर

होय, १.६ मिलिमीटरच. टायर ऑल सीझन आहेत, डोंगर-हिमकणाची खूण आहे, आत्ताच खाली जाऊन टॉर्चने पाहून आलो. नक्षी सात मिलिमीटरच्या आसपास.

विनिपेगवाला

मग तुमच्या हवेला चालतील. उणे ३५ मध्ये येणार असाल तर बदला.

माजी_सुभेदार

शेफिल्डकर साहेब, अवश्य नाव नोंदवा. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, नोकरीचा बराच काळ काश्मीर-लडाखमध्ये गेला. गाव सातारा जिल्ह्यात, सध्या तिथेच असतो. आमचं काम अडकलेली गाडी काढायची आणि ताफा पुढे न्यायचा. त्या अनुभवावर चार गोष्टी लिहितो.

झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे. तिथे आम्हाला एक गोष्ट घोकून घोकून शिकवलेली: चढ सोपा, उतार अवघड. चढताना चाक घसरलं तर गाडी फार तर उभी राहते. उतरताना घसरलं तर ती तुमचं ऐकत नाही. म्हणून उताराच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवायची, लो रेंज आणि पहिला गियर टाकायचा, मग इंजिनाच्या जोरावर खाली सोडायची. मध्येच गियर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. अगदी काचेसारखा बर्फ असेल तर इंजिनाच्या ओढीनेही चाकं अडकून घसरतात. तेव्हा हलकासा ॲक्सिलरेटर देऊन चाक फिरतं ठेवावं लागतं. हे पायाला कळायला वेळ लागतो. रिकाम्या मैदानात सराव करा.

साखळ्यांचं. पोरं म्हणतात फोर बाय फोर आहे, एक जोडी बास. एकच जोडी मागे लावली तर पुढची चाकं स्टिअरिंग ऐकत नाहीत. एकच जोडी पुढे लावली तर उतारावर गाडीची शेपूट फिरते. चारही चाकांना लावायच्या. साखळी चढवायचं काम घरी कोरड्यात, हातमोजे घालून, आधी करून बघा. घाटात वारा सुटल्यावर बोटं बधिर होतात, आणि मग ती कडी काही केल्या अडकत नाही. चढवल्यावर शंभरेक मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायची, कारण पहिल्यांदा ती ढिलीच बसते.

डिझेलचंही लक्षात ठेवा. आमच्या वेळी लडाखात डिझेल गोठायचं, सकाळी टाकीखाली शेगडी ठेवून ते पातळ करावं लागे. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिकडे हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आताच्या पोरांचं काम तेवढं सोपं झालं याचा आनंद आहे.

सुलू_मावशी

सुभेदार काका, सॅल्यूट. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते.

लीड्सची_डॉक्टर

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे मागच्या सीटवरून.

२०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' नावाची बर्फाळ थंडीची लाट आली. हवामान खात्याने लाल इशारे दिले होते, स्कॉटलंडमध्ये एम ८० महामार्गावर लोक रात्रभर गाड्यांत अडकले. आमच्या विभागात रात्रपाळीचे लोक घरी जाऊ शकत नव्हते, कारण सकाळचे लोक पोचलेलेच नव्हते. अशा वेळी थकलेल्या नर्सला अजून एक पाळी करावी लागते आणि औषधांच्या चुका व्हायची भीती तिथेच असते. मला घेऊन जायला जो गृहस्थ आला तो निवृत्त शिक्षक होता. त्याने दार उघडून आधी माझे बूट पाहिले, गाडीत ठेवलेली क्रॅम्पॉनची, म्हणजे बुटांखाली चढवायच्या खिळ्यांची, जोडी दिली आणि म्हणाला, "फाटकापासून गाडीपर्यंत हे घाला. आज सगळ्यात जास्त लोक तेवढ्यातच पडलेत." खरोखरच त्या आठवड्यात मनगटं मोडलेले पेशंट रांगेने आले होते.

शेफिल्डकर दादा, तुम्ही चार जणींना वॉर्डात पोचवलंत म्हणजे शंभर नव्या पेशंटना नसेल, पण तिथे झोपलेल्या तीस जणांना नक्की मदत केलीत. एकच विनंती आहे, एकट्याने न जाता गटातूनच जा. गटाचा समन्वयक रुग्णालयाशी बोलून ठरवतो की कुणाला आणणं गरजेचं आहे. नाहीतर दहा गाड्या एकाच नर्सला घ्यायला जातात, आणि गावाबाहेर राहणारी डायलिसिसची परिचारिका राहून जाते.

शेफिल्डकर

डॉक्टर, हे वाचून बळ आलं. बुटांचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं, आजच यादीत घालतो.

मिनेसोटा_मामी

मी विरोधी मत मांडते, रागावू नका.

हिमवादळ सुरू असताना कुणीही बाहेर पडू नये, फोर बाय फोरवाल्यांनी तर मुळीच नाही. २०२२ च्या डिसेंबरात बफेलोला काय झालं आठवा. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही आपल्या गाडीत. मदतीला निघालेल्या गाड्या अडकल्या, अग्निशमन आणि रुग्णवाहिकासुद्धा. रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्यांमुळे बर्फ काढणारे नांगर पुढे जाऊ शकेनात. समोरचं काही दिसत नसेल तेव्हा तुमचे टायर, साखळ्या, लो रेंज यांचा काहीएक उपयोग नाही. तुम्ही अडकलात की तुम्हाला काढायला अजून दोन माणसं जीव धोक्यात घालणार.

आमच्याकडे लहान मुलांनाही शिकवतात की गाडी अडकली तर गाडीत थांबायचं. पायी निघालेली माणसं शंभर पावलांवर दिशा चुकतात.

डेन्व्हरचा_दादा

मामी, बफेलोचंच दुसरं उदाहरण देतो. त्याच वादळात अडकलेल्या एका माणसाने शाळेची काच फोडून आत आसरा घेतला, बाहेरच्या गाड्यांमधल्या लोकांना हाका मारून आत आणलं, आणि जाताना माफीची चिठ्ठी ठेवून गेला. सगळे वाचले. पोलिसांनी नंतर त्याचे आभार मानले. त्याच वर्षी जानेवारीत व्हर्जिनियात आय-९५ वर शेकडो गाड्या दिवसभराहून जास्त वेळ अडकल्या होत्या. त्यात एक सिनेटरही होते आणि एक बेकरीचा ट्रकही. अडकलेल्या एका जोडप्याने बेकरीच्या कंपनीला फोन लावला, मालकाने परवानगी दिली, ड्रायव्हरने ट्रक उघडला आणि आजूबाजूच्या गाड्यांना पाव वाटले. मदत करायला चाक फिरलंच पाहिजे असं नाही.

मिनेसोटा_मामी

हे पटलं. माझा आक्षेप वादळात बाहेर पडण्यालाच आहे. वादळ थांबल्यावर, दिसायला लागल्यावर, नांगर फिरून गेल्यावर जरूर जा. आमचे शेजारी तेव्हाच पिकअप काढतात आणि सगळ्या म्हाताऱ्या माणसांची दारं मोकळी करून देतात.

लीड्सची_डॉक्टर

मामी, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आमचे गटही तसंच करतात. समन्वयक म्हणाला आज नाही, तर नाही. तेव्हा रुग्णालयच लोकांची राहायची सोय करतं.

एक वैद्यकीय गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. अडकलेल्या गाडीजवळ गेलात की सगळ्यात आधी सायलेन्सर बघा. बर्फाने नळी बुजली आणि इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थंडीने गुंगी आली. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त पर्यटक गेले. काही मृत्यूंमागे हाच वायू होता असं सांगितलं गेलं. आतले लोक पेंगत असतील तर इंजिन बंद करा, दारं उघडा, त्यांना मोकळ्या हवेत काढा आणि रुग्णवाहिकेला फोन करा.

अडकून बसायची वेळ आलीच तर तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, दर वेळी आधी नळी मोकळी करायची, आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची.

सह्याद्री_ते_स्पिती

मनालीचं लिहायलाच हवं, कारण महाराष्ट्रातून दर डिसेंबरला निघणाऱ्या गाड्या मी तिथे बघतो.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. पूर्वी रोहतांग खिंड बंद झाली की पलीकडचं लाहौल तुटायचं, आता हिवाळ्यातही तिथल्या सिस्सू गावाला जाता येतं. पण बोगद्यातला रस्ता कोरडा असला तरी सोलंग ते बोगद्याचं तोंड हा तुकडा उघडाच आहे. दुपारी बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, ऊन गेलं की त्याची काच होते, आणि नेमके त्याच वेळी सगळे सिस्सूहून परत निघतात. डिसेंबर २०२४ मध्ये इथेच हजारो पर्यटक अडकले होते. पोलीस रात्री रस्त्यावर उभे राहून एकेक गाडी हाताने धरून खाली उतरवत होते.

बर्फ पडला की प्रशासन पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतं. मग लोक भाड्याने 'थार' घेतात. २०२३ च्या जानेवारीपासून थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच. गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक कुटुंब भेटलं. भाड्याने देणाऱ्याने त्यांना टू व्हील ड्राइव्ह गाडी फोर बाय फोर सांगून दिलेली. नाक्यावर अडवलं म्हणून बरं झालं. मंडळी, गाडी घेताना गियरच्या शेजारी दुसरी छोटी दांडी आहे का बघा आणि ती टाकून गाडी चालवून दाखवायला सांगा.

खऱ्या फोर बाय फोरवाल्यांनाही एक सांगतो. कोरडा रस्ता लागला की परत टू व्हीलवर या. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये (हवी तेव्हाच चारही चाकांना जोर देणाऱ्या) मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यांचा ताण जायला वाटच मिळत नाही. गाडी वळायला जड होते, कटकट आवाज येतो आणि शेवटी ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या भागाचा) खर्च निघतो.

चिपळूणकर_बाळू

बर्फ कधी पाहिला नाही, पण भातशेतीच्या चिखलातून जीप काढताना आम्हीही तेच करतो: चाक जागेवर फिरवत बसायचं नाही. फिरवलं की गाडी पोटावर बसते.

गॅरेजवाले_नाना

बाळूशेठ, बरोबर बोललात. तिथूनच पुढे लिहितो. मी आधी नाशिकला आणि आता बर्मिंगहॅमला गॅरेजमध्ये काम करतो. अडकलेली गाडी ओढताना होणारे अपघात बर्फापेक्षा जास्त घाबरवतात मला.

पहिलं म्हणजे लगेच दोर लावू नका. दहातल्या बहुतेक गाड्या फावड्याने निघतात. चाकांच्या पुढचा आणि मागचा बर्फ काढायचा, मग आडवं होऊन गाडीखाली बघायचं. बर्फ पोटाला टेकला असेल तर चाकांवर वजनच नसतं, कितीही वाळू टाका, ती फिरतच राहणार. तो बर्फ काढायचा. स्टिअरिंग सरळ करायचं. चाकाखाली वाळू किंवा ग्रिट टाकायची, ब्रिटनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पेट्या असतात, त्यातली. ड्रायव्हरला दुसऱ्या गियरमध्ये, अगदी हलक्या पायाने सोडायला सांगायचं. गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आपोआप जोर कमी करणारी सोय) असेल आणि गाडी जागेवर गुदमरत असेल तर तेवढ्यापुरता तो बंद करायचा. मागेपुढे झुलवत काढता येते, पण चाकामागे कुणालाही उभं करायचं नाही.

दुसरं, ओढायचं झालं तर हूक कुठे लावता ते महत्त्वाचं. आजकालच्या गाड्यांत बंपरवर छोटं झाकण असतं, ते उचकटायचं आणि डिकीतल्या टूलकिटमधली लोखंडी कडी त्यात पिळायची. पुष्कळ युरोपियन गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. लोक घड्याळाच्या दिशेने पिळत बसतात आणि म्हणतात बसतच नाही. उलटी पिळा आणि शेवटपर्यंत, पान्याने. अर्धी बसलेली कडी सुटून येते. ती कडी सरळ ओढायला केलेली आहे, बाजूने हिसका द्यायला नाही.

तिसरं, टो बारच्या गोळ्याला दोर अडकवून हिसका कधीही देऊ नका. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. तुटला की ताणलेल्या दोराबरोबर काच फोडून आत येतो, माणसं मेलेली आहेत अशाने. दोरावर मधोमध जाड घोंगडं किंवा जॅकेट टाका, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करा.

आणि समोरच्याला आधी विचारा, "तुमच्या परवानगीने ओढतो, गाडीला काही झालं तर माझी जबाबदारी नाही, चालेल?" चार लोकांसमोर विचारा. नको म्हणाला तर त्याला गरम ठिकाणी सोडा आणि पुढे निघा.

माजी_सुभेदार

नानांचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवण्यासारखा आहे. गोळ्याबद्दल जे लिहिलंय ते अगदी खरं.

ओस्लोवासिनी

इथलं चित्र वेगळं आहे म्हणून लिहिते. नॉर्वेत आम्ही १ नोव्हेंबरपासून खिळ्यांचे टायर लावू शकतो, उत्तरेकडे १६ ऑक्टोबरपासून. आमच्याकडे ईस्टरनंतर काढावे लागतात. ओस्लोत खिळ्यांसाठी वेगळी फी भरावी लागते, कारण खिळे डांबर खरवडतात आणि हिवाळ्यात त्याची धूळ हवेत राहते. त्यामुळे शहरात पुष्कळ लोक बिनखिळ्यांचे मऊ हिवाळी टायर वापरतात. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर मात्र खिळ्यांना तोड नाही.

इथे नव्या गाड्या बहुतेक इलेक्ट्रिक. लोक विचारतात थंडीत अडकलात तर? बॅटरी भरलेली असेल तर कित्येक तास हीटर चालू ठेवून बसता येतं आणि सायलेन्सरच नसल्याने डॉक्टरांनी लिहिलेला धोकाही नाही. रेंज कमी होते हे खरं, म्हणून निघताना भरून निघायचं.

अजून एक: गाडीच्या टपावरचा बर्फ काढल्याशिवाय निघू नका. ब्रेक मारला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो.

विनिपेगवाला

ताईंना अनुमोदन. जंपर केबलचंही लिहून ठेवतो, मदतीला गेलात की हेच काम जास्त वेळा येतं. लाल केबल आधी बंद पडलेल्या बॅटरीच्या धनाला, मग तुमच्या धनाला. काळी तुमच्या ऋणाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरी फुगलेली दिसली तर आत गोठलेली असू शकते. तिला अजिबात हात लावू नका, फुटते.

आमच्याकडे गाडीला विजेची पिन लोंबते, रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावायला. भारतातून आलेल्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही गाडी मोबाइलसारखी चार्ज करता का?"

सुलू_मावशी

तुमच्या सासूबाईंना ओस्लोला पाठवा, तिथे होच म्हणतील.

लीड्सची_डॉक्टर

:) अवांतर चाललंच आहे तर: नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात यॉर्कशरमधल्या टॅन हिल इनमध्ये ६१ लोक तीन रात्री अडकले होते. ब्रिटनमधलं सगळ्यात उंचावरचं पब. ओएसिसची गाणी म्हणणारा बँडही त्यांच्याबरोबर अडकलेला. प्रश्नमंजूषा, गाणी, जेवण असं सगळं चालू होतं आणि निघताना लोकांना निरोप घेववेना. त्यातल्या एका माणसाला उपचारांसाठी बाहेर न्यावं लागलं, तेव्हा बचावपथकाच्या गाड्याच कामी आल्या.

शेफिल्डकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नाव नोंदवलं. गाडीचे टायर, कागदपत्रं आणि विमा तपासणार आहेत. विमा कंपनीला स्वयंसेवेचं लेखी कळवलंय, होकार आला की पाठवतो. मैदानावरच्या सरावाची तारीख मिळाली आहे, सुभेदार काकांनी सांगितलेला उतार तिथे करून बघणार.

मामींचा नियम स्वीकारला आहे: दिसत नसेल तर निघायचं नाही. नानांनी लिहिल्याप्रमाणे फावडं, वाळूची गोणी, घोंगडं घेतलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बुटांना चढवायच्या क्रॅम्पॉनच्या जोड्या, लहान-मोठ्या मापाच्या.

एक विचारायचं राहिलं. नर्सला पोचवायला निघालो आणि वाटेत कुणी अडकलेला दिसला, तर थांबायचं की पुढे जायचं? मन मानत नाही पुढे जायला.

लीड्सची_डॉक्टर

वेग कमी करा, काच खाली करून विचारा की कुणी आजारी आहे का, लहान मूल आहे का, सायलेन्सर मोकळा आहे का. तिन्ही ठीक असेल तर ठिकाण समन्वयकाला कळवा आणि पुढे जा, परतताना थांबा. जीवाचा प्रश्न असेल तर अर्थातच थांबा, आणि मागे बसलेली नर्सच आधी उतरेल बघा.

माजी_सुभेदार

आणि थांबताना चढावर थांबू नका. माथ्यावर जाऊन सपाटीला लावा आणि चालत मागे या. चढावर उभी केलेली गाडी पुन्हा सुटेलच असं नाही.

शेफिल्डकर

लिहून घेतलं, काका. सराव झाला की इथेच कळवतो.